दोन नळांची आंघोळ

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्या दिवशी बायकोने मला बाजूला घेऊन एकच विनंती केली. ती म्हणाली, "आई असेपर्यंत घरात काहीही सुधारू नकोस." विनंती हा शब्द मी माझ्या समाधानासाठी वापरला आहे, ऐकणाऱ्याला तो हुकूम वाटला असता. यामागे भिंतीवरचं घड्याळ, दाराची बेल आणि इस्त्री असा थोडा पूर्वेतिहास आहे, पण त्यात शिरण्यात अर्थ नाही. तिन्ही वस्तू माझ्या हाती येण्याआधीपासूनच आजारी होत्या, एवढंच नमूद करतो.

विनंतीला कारण होतं. सासूबाई त्यांच्या गावी एकट्या राहत. खांद्याचं हाड मोडलं म्हणून लेकीने त्यांना आणलं होतं. बाहेरच्या पायरीवरून घसरले, असं त्यांनी सांगितलं होतं. हाड आता जुळलं होतं, पण हात डोक्याच्या वर जात नव्हता. त्यांनी आता परत जाऊच नये, कायमचं आमच्याकडे राहावं, हा बायकोचा ध्यास होता. आईने फोन लगेच उचलला नाही की बायको वर्गात मुलांना चुकीचं गणित शिकवायची, असं तीच सांगते. सासूबाईंना विचारलं की त्या म्हणत, "बघू." साहेब रजेच्या अर्जावर 'बघू' म्हणतात त्याचा अर्थ 'विसरा' असा होतो. सासूबाईंचं 'बघू' तसं नव्हतं. त्या खरोखरच बघत होत्या. घर बघत होत्या, लेकीची धावपळ बघत होत्या आणि चष्म्याच्या वरून मला बघत होत्या.

माझ्याशी त्या थेट बोलत नसत. भांडण अजिबात नव्हतं, लग्नाच्या दिवशी दोघेही संकोचलो होतो आणि तो संकोच मोडायचा राहून गेला होता. मी समोर बसलेला असताना त्या बायकोला म्हणत, "ह्यांना विचार, चहा घेणार का." मी बायकोला म्हणे, "आईंना सांग, अर्धा कप." बायको मधे बसून वह्या तपासत असायची. तिने मान वर केली नाही तरी निरोप पोचायचे.

याच सुमारास आमच्या इमारतीतलं पाणी दुपारीच संपायला लागलं. सेक्रेटरींनी गाड्या लावायच्या जागेत खुर्च्या टाकून सभा बोलावली. आमचे सेक्रेटरी नोकरीतून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताखाली इमारत सोडून दुसरं काही उरलेलं नाही, त्यामुळे इमारतीला फार जपून राहावं लागतं. काय करता येईल, असं त्यांनी विचारलं. सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. मी मात्र दातांच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघताना एका मासिकात अर्धा लेख वाचला होता. नळाच्या तोंडाला बारीक जाळी आणि कमी पाण्याचा शॉवर बसवला, तर धार तेवढीच वाटते आणि पाणी मात्र कितीतरी कमी लागतं, असं त्यात होतं. उरलेला अर्धा लेख वाचण्याआधीच मला आत बोलावलं होतं. मी हात वर केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला.

पाच मिनिटांत माझं घर 'नमुना घर' म्हणून जाहीर झालं. दोन आठवड्यांनंतरच्या रविवारी समिती येऊन पाहणी करणार आणि मग सगळ्या इमारतीत तसेच नळ बसणार, असं ठरलं. घरी येऊन मी बायकोला सांगितलं. हातातली वही मिटून तिने डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी कळलं की ज्या सेक्रेटरींनी मला हे काम दिलं, त्यांचीच मला परवानगी घ्यावी लागणार आहे. नळ बदलणं हा 'अंतर्गत फेरफार' होतो आणि त्याला खालच्या मजल्यावरच्या रहिवाशाची संमती लागते. खालच्या मजल्यावर अनुभवीकाका राहतात. त्यांना हे नाव इमारतीने दिलं आहे, कारण जगात असं एकही काम नाही जे त्यांनी पूर्वी करून सोडून दिलेलं नाही. संमती द्यायला ते एका पायावर तयार होते, पण सल्ला दिल्याशिवाय पेन उचलायला तयार नव्हते. संडासाच्या टाकीत पाण्याने भरलेली बाटली ठेवा म्हणाले. ते ठीक होतं. मग म्हणाले, नळ नेहमी डाव्या हाताने सोडावा, उजवा हात उधळा असतो. शॉवरखाली डोळे मिटून उभं राहू नये, माणूस विचारात पडतो आणि विचाराला पाणी फार लागतं. मी सगळ्याला मान डोलावली. मान दुखायला लागल्यावर सही मिळाली.

प्लंबर येतो म्हणाला त्याच दिवशी आला. खरं तर तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. स्वयंपाकघरात, बेसिनला आणि न्हाणीघरातल्या नळाला त्याने जाळ्या बसवल्या. नवा पसरट तोंडाचा शॉवर लावला आणि जुना 'कचरा कशाला घरात' म्हणून स्वतःच्या पिशवीत टाकून नेला. दुपारची वेळ होती. आम्ही शॉवर सोडून पाहिला. नाजूक, मऊ, एकसारखी धार पडली. बायको शाळेतून आली, तिनेही हात धरून पाहिला आणि "बरं आहे की," म्हणाली. लग्न झाल्यापासून माझ्या कामाला मिळालेला हा सर्वोच्च शेरा होता. मी त्या आनंदात होतो. गरम पाणी सोडून पाहावं, हे प्लंबरला सुचलं नाही आणि मलाही सुचलं नाही. भर दुपारी गरम पाणी कोण सोडतं?

दुसऱ्या दिवशी बायकोच्या शाळेला सुटी होती. सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या. हात वर जात नसल्यामुळे मगने पाणी घेणं त्यांना जमत नसे. स्टुलावर बसून शॉवर घेत. आत गेल्या, नळ फिरवल्याचा आवाज आला, मग बराच वेळ काही नाही. शेवटी दाराआडून लेकीला उद्देशून आवाज आला, "ह्यांना विचार, गार पाण्याची आंघोळ मुद्दाम ठेवलीय का?"

आमचा गॅसचा गिझर स्वयंपाकघराच्या बाल्कनीत आहे. त्याची रीत साधी आहे: पाणी जोरात वाहिलं की तो टकटक करून पेटतो. पाणी हळू वाहिलं तर नुसताच टकटक करत बसतो. आणि पाणी हळू वाहावं म्हणून तर मी सगळा खटाटोप केला होता.

मी गिझर कंपनीला फोन लावला. पलीकडून एका मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं की गिझर उत्तम आहे, दोष शॉवरमध्ये आहे. मी शॉवर कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीने त्याहून गोड आवाजात सांगितलं की शॉवर उत्तम आहे, दोष गिझरमध्ये आहे. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी आजवर ऐकलं होतं, पण इथे दोघी उत्तम नाचत होत्या आणि अंगण म्हणून मधे मी होतो. गिझरचा माणूस पुढच्या आठवड्यात येईल असं कळलं. प्लंबरचा फोन बंद होता. जुना शॉवर त्याच्याबरोबर अज्ञातवासात गेला होता.

उपाय सापडला तो कावळा बसायला आणि फांदी मोडायला तसा. बायको चडफडत भांडी विसळायला गेली आणि तिने स्वयंपाकघरातला गरम पाण्याचा नळ सोडला. त्याच क्षणी बाल्कनीत भक्क झालं आणि न्हाणीघरातून आवाज आला, "आलं, आलं." दोन नळ मिळून गिझरला हवं तेवढं पाणी वाहत होतं. कुणी म्हणेल, न्हाणीघरातलाच खालचा नळ का सोडला नाही? तर आमच्याकडे शॉवर आणि खालचा नळ एकाच खटक्यावर आहेत. पाणी वर जाईल नाहीतर खाली, दोन्हीकडे जात नाही.

अशी आमच्या घरात दोन नळांची आंघोळ सुरू झाली. एकाने आंघोळ करायची आणि दुसऱ्याने स्वयंपाकघरात नळ धरून उभं राहायचं. वाहणारं पाणी वाया जाऊ नये म्हणून त्याखाली पातेली लावायची. नमुना घरात आंघोळीला पूर्वीपेक्षा जास्त पाणी जातं हे बाहेर कळू नये, म्हणून ती पातेली मी जिन्यातल्या कुंड्यांना नेऊन ओतू लागलो. एकदा अनुभवीकाकांनी पाहिलं. मातीत बोट घालून ते म्हणाले, "कोमट?" मी म्हटलं, मुळांना बरं असतं. ते म्हणाले, मीही पूर्वी करून पाहिलंय.

खरी पंचाईत वेगळीच होती. बायकोची शाळा सकाळची. सासूबाईंची आंघोळ ती गेल्यावर. म्हणजे नळावर मी, आणि निरोप पोचवायला मधे कुणीच नाही. पहिल्या दिवशी मी नळाशी उभा राहिलो. भिंतीपलीकडे स्टूल सरकल्याचा आवाज झाला. मग शांतता. ही शांतता फार वेळ चालली. त्यांना सगळं बायकोमार्फत सांगायची सवय आणि बायको तर बसमध्ये होती. शेवटी खाकरून त्या इतक्या वर्षांतलं पहिलं वाक्य माझ्याशी बोलल्या.

"जावईबापू, नळ सोडा."

मी सोडला. "सोडलाय," असं सांगितलं. आमचा संवाद सुरू झाला तो असा.

पुढे तो वाढत गेला. आधी 'थोडा जास्त', 'थोडा कमी' एवढंच होतं. मग त्यांनी विचारलं, ऑफिसात उशीर नाही का होत? मी म्हटलं, साहेबांना सांगितलंय की सासूबाईंची आंघोळ असते. त्यावर साहेबांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तेही सांगितलं. भिंतीपलीकडून हसल्यासारखा आवाज आला, पण शॉवरचाही असेल म्हणून मी खात्री धरली नाही. तोंड दिसत नसलं की माणूस मोकळं बोलतो. त्यांना माझं घड्याळ दुरुस्तीचं प्रकरण पूर्ण ठाऊक होतं आणि त्यात चूक घड्याळाचीच होती, असं त्यांचं मत पडलं. मला त्या दिवशी ऑफिसात फार प्रसन्न वाटत होतं.

एक गोष्ट मात्र मला खुपत होती. दर थोड्या वेळाने त्या विचारत, "आहात ना?" मी म्हणे, "आहे." पुन्हा जरा वेळाने, "आहात ना?" गिझर पेटलेला, पाणी गरम, तरी आपलं तेच. माझ्यावर नळ धरून उभं राहण्याएवढाही विश्वास नाही, असं माझ्या मनाने घेतलं. माणसाला काही मान असतो की नाही?

म्हणून एक दिवस त्यांनी विचारलं, तेव्हा मी गप्प राहिलो. नळ चालू होता, माणूस आहे हे उघड होतं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पातेल्यातल्या पाण्याकडे बघत राहिलो. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज निराळाच झाला, बारीक आणि घाईचा. मग शॉवर बंद झाला, स्टूल आपटलं आणि थोड्या वेळाने त्या कसाबसा गाऊन चढवून, ओल्या केसांनीच स्वयंपाकघराच्या दाराशी आल्या. चेहरा पांढरा पडला होता. मी घाबरून त्यांना खुर्ची दिली. त्या बसल्या आणि माझ्याकडे न बघता बोलू लागल्या.

"मी पायरीवरून नव्हते घसरले. न्हाणीघरात पडले होते. आतून कडी होती. हाका मारल्या, आवाज बसला तरी मारत होते. शेजारीण दूध घेतलं नाही म्हणून बघायला आली, तेव्हा कुठे. तोवर गार फरशीवर..." त्यांनी भाजी निवडावी तशी टॉवेलची दशी चिमटीत धरून सोडली. "तिला सांगू नका. ती मला एक क्षण एकटं सोडणार नाही, आणि तिची नोकरी आहे."

मघाशी मान मान म्हणत होतो त्या मानेला खाली घालायला जागा पुरेना. परत गेल्यावर त्यांना एकट्याने आंघोळीला जाताना रोज कसं वाटेल, हे डोळ्यांपुढे आलं. मी एवढंच म्हटलं, "सांगत नाही. आणि मी आहे." त्या म्हणाल्या, "पातेलं वाहतंय." खरोखरच वाहत होतं.

त्यानंतर त्यांनी 'आहात ना' विचारायच्या आधीच मी बोलत राहू लागलो. सांगण्यासारखं संपलं की ऑफिसातली परिपत्रकं म्हणून दाखवी. त्यांना ती आवडत, असं नाही म्हणवत, पण त्यांनी कधी थांबवलं नाही.

ठरलेल्या रविवारी समिती आली. सेक्रेटरी, त्यांच्यामागे अनुभवीकाका आणि त्यांच्यामागे ज्यांना रविवारी दुसरं काम नसतं असे बरेच लोक. सेक्रेटरी गरम पाणीच मागणार हे मला ठाऊक होतं, म्हणून स्वयंपाकघराचं दार लावून आत बायकोला नळावर उभं केलं होतं. तिने हे का कबूल केलं, ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा आई बघते आहे म्हणून. मी शॉवर सोडला, गरम पाणी आलं, सेक्रेटरींनी बाही वर करून हात धरला आणि "उत्कृष्ट," असं म्हणाले. टाळ्या वाजणार इतक्यात अनुभवीकाकांनी भिंतीला कान लावला.

पुढचं फार सांगत नाही. दार उघडलं तेव्हा बायको पातेल्यांच्या मधोमध उभी होती आणि एक भरून वाहत होतं. सेक्रेटरी त्या पाण्याकडे बघून म्हणाले की बचत झालेली आहे, यात शंका नाही; फक्त ती दुसऱ्या नळातून वाहते आहे. नमुना घर हा किताब तिथल्या तिथे काढून घेण्यात आला. लोक जिना उतरून गेले, तरी त्यांचं हसणं वरपर्यंत येत होतं. बायको माझ्याशी त्या दिवशी थेट बोलली नाही. "आई, ह्याला सांग, जेवायला वाढलंय," म्हणाली. सासूबाई गालातल्या गालात हसल्या.

आणि दुसऱ्याच दुपारी गिझरचा माणूस उगवला. त्याने गिझर उघडला. आतला एक रबरी पडदा जुना होऊन कडक झाला होता, म्हणून त्याला पाण्याचा फार जोर लागत होता. त्याने पडदा बदलला, एकटा शॉवर सोडला आणि गिझर पहिल्या टकटकीला पेटला. कमी पाणी, गरम पाणी, एकच नळ. मासिकात लिहिलं होतं ते अक्षरन् अक्षर खरं निघालं. बायको शाळेतून येऊन शॉवरखाली हात धरून उभी राहिली आणि हसली. सेक्रेटरींनी जिन्यात गाठून, किताबाचा फेरविचार करू, असं सांगितलं. मी छाती काढून घरात आलो.

आत सासूबाई बॅग भरत होत्या.

"आता खांदा बरा आहे," त्या लेकीला सांगत होत्या. "किती दिवस राहायचं? घर बंद आहे तिकडे." बायकोचं हसू मावळलं. ती मनवत राहिली, त्या बॅगेत कपडे ठेवत राहिल्या. बायको माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सगळं नीट झालं आणि ही निघाली. काय कमी पडलं रे?" काय कमी पडलं ते मला पक्कं ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. आजवर नळ धरायला कुणीतरी लागत होतं, म्हणून मी भिंतीशी उभा होतो. आता गिझर नीट होता. मी आंघोळ करते, तुम्ही उगाच उभे राहा, असं त्या जावयाला कधी म्हणाल्या नसत्या. त्यापेक्षा जिथे पडल्या होत्या तिथे परत गेल्या असत्या.

सकाळी बायको शाळेला जायला चपला अडकवत होती, तेव्हा मी तिला मुद्दाम मोठ्याने सांगितलं की गिझर पुन्हा बिघडलाय. ती दारातच थांबली. म्हणाली, "काल चालत होता. तू हात लावलास ना?" मी म्हटलं, जरासा लावला. तिने जे तोंड केलं ते इस्त्रीच्या वेळचंच होतं. "तुला ना, एक वस्तू धड ठेववत नाही," असं म्हणून ती जिना उतरली. संध्याकाळपर्यंत ही बातमी सेक्रेटरींकडे जाणार आणि फेरविचाराचाही फेरविचार होणार, हे मला दिसत होतं. होऊ दे म्हटलं.

सासूबाई टॉवेल घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, "नळ धरावा लागेल. मी आहे स्वयंपाकघरात." त्या चष्म्याच्या वरून माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि आत गेल्या.

मी ओट्याशी जाऊन उभा राहिलो. हात नळावर ठेवला, पण तो फिरवला नाही. कोरडं पातेलं तसंच होतं. पलीकडे शॉवर सुरू झाला, बाल्कनीत गिझर आज्ञाधारकपणे पेटला. मी सुटीच्या हिशेबाबद्दलचं नवं परिपत्रक सांगायला सुरुवात केली. दोन परिच्छेद झाल्यावर त्यांनी मला थांबवलं.

"जावईबापू, नळ सोडलाय ना?"

"सोडलाय."

"पाण्याचा आवाज येत नाही तो?"

मी नळाकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं. "पाणीबचतीची जाळी आहे," मी म्हटलं. "आवाजही वाचवते."

पलीकडे शॉवर चालू होता. पाणी थोडंच होतं, पण त्या सावकाश घेत होत्या, घाई नव्हती.

"बरं," त्या म्हणाल्या. "असाच सोडून ठेवा. आणि ऑफिसला जाण्याआधी ती माझी बॅग माळ्यावर टाका. माझा हात पोचत नाही."